एक भक्कम टेबल

‘आपल्यापैकी बहुतेकांनी भूकंप फक्त बातम्यांमध्येच पाहिला असेल,’ अशी लेखाची सुरुवात होती. लुंबिनीनं ते वाक्य मनातच वाचलं आणि मोठ्यानं पुढच्या ओळीपासून सुरू केलं.

“जमीन हलायच्या आधी काही सेकंद मोबाइल वाजेल, आई. आता जगभर ही सोय झालीय म्हणे.”

सरजाबाई सुपात शेंगा फोडत होत्या. सुनेकडं न बघता म्हणाल्या, “वाजू दे की. पुढं काय करायचं, ते सांगतंय का न्हाई?”

सांगत होतं. गाडी गॅरेजमध्ये असेल तर दार हातानं उघडायचं शिकून ठेवा. पुस्तकांची कपाटं भिंतीला पक्की करा. गॅसची लाइन मुख्य व्हॉल्व्हपाशी बंद करा. लुंबिनी अंगठ्यानं मजकूर वर सरकवत राहिली. ज्याच्यासाठी हे लिहिलं होतं त्याच्या घरात बरंच काही होतं. अगदी शेवटी एक ओळ तिच्या घराला लागू पडली. घराबाहेर पळू नका. भक्कम टेबलाखाली जा आणि टेबलाचा पाय धरून ठेवा.

टेबल होतं. वरच्या मजल्यावरची हदगावची मुलगी नीटची परीक्षा देऊन गावी जाताना ठेवून गेली होती. लोखंडी पाय, वर जाड फळी.

लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतलं हे घर दुसऱ्या मजल्यावर होतं. वर सगळ्या खोल्या मुलींच्या. जिना सगळ्यांना मिळून एकच, तोही चपला आणि पाण्याच्या जारांनी अर्धा अडलेला. परवा सकाळी हलका धक्का बसून मांडणीतली भांडी किणकिणली, तेव्हा तो जिना पोरींनी असा गच्च भरला की लुंबिनीला लेकीला घेऊन दारातच उभं राहावं लागलं. आणि उद्यापासून ती शाळेवर रुजू होणार होती. दिवसभर घरात सासूबाई आणि पाच वर्षांची मित्रा, दोघीच.

“मित्रा, इकडे ये. मोबाइल जोरात वाजला की काय करायचं? पळायचं नाही. असं आत शिरायचं आणि हा पाय धरून बसायचं.”

मित्राला खेळ आवडला. आत गेली, टेबलाचा पाय धरला, हसत बाहेर आली. पुन्हा आत गेली. तेव्हा सरजाबाईंनी सूप बाजूला सारलं आणि दंडाला धरून नातीला बाहेर ओढलं.

“छताखाली दडवायलीस होय गं लेकराला?”

“आई, बाहेर पळण्यात जास्त धोका असतो. तसं लिहिलंय.”

“कुनी लिहिलंय?”

“बाहेरच्या देशातलं कोणीतरी असेल. इथं त्याचं मराठी केलंय.”

“त्याच्या घरावर माती किती हात व्हती, इचार त्याला.”

“आता माती कुठाय आई? स्लॅब आहे.”

“तवा बी समदे आतच व्हते की.”

मित्रा भिंतीवरच्या फोटोकडं बघत होती. दोन वेण्या, नव्या फ्रॉकचं अवघडलेपण. तिची शकूआत्या. भूकंपात गेली तेव्हा मित्रापेक्षा थोडीशीच मोठी.

“आजी, शकूआत्या टेबलाखाली का नाही गेली?”

“मित्रा!”

“वरडू नको तिला,” सरजाबाई म्हणाल्या. मग नातीच्या केसांवरून हात फिरवत, “टेबल नव्हतं, माय. आपल्या घरी नव्हतंच.”

खाली क्लास सुटला. गल्लीत सायकलींच्या घंट्या वाजल्या आणि लांब गेल्या. सरजाबाई उठल्या. त्यांनी टेबलावर तळवा दाबून बघितला. मग मूठ आपटली.

“कितीक भार झेलतंय हे?”

“ते लिहिलेलं नाही.”

“मग काय लिहिलंय मेल्यानं! तांदळाचं पोतं आन.”

पोतं आलं. पिठाचा डबा आला. पाटा उचलताना लुंबिनी वाकडी झाली तशा सरजाबाई म्हणाल्या, “उद्यापासून पोरं सांभाळनार म्हने मास्तरीनबाई. एक पाटा उचलंना.”

“उचलला ना, आई!”

“आपल्या धम्माची पुस्तकं बी आन. लई शिकलंय माझं लेकरू, वजन बी तसंच असंल.”

नवऱ्याचे फिजिक्सचे गठ्ठे लुंबिनीनं पोत्यावर रचले. सरजाबाईंची नजर कोपऱ्यातल्या भरल्या सिलिंडरवर गेली.

“सिलिंडर नको, आई.”

“बरं. ऱ्हाऊ दे.”

फळी एकदा करकरली. दोघी जागच्या जागी थांबल्या. मग काही वाजलं नाही. टेबल उभं होतं.

सरजाबाईंनी ढिगाकडं पाहिलं. कोपरापासून बोटांपर्यंत हात ढिगाला लावून उंची मापली. मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

“लेकराला धर,” त्या म्हणाल्या. पदर खोचला, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि टेबलाखाली सरकू लागल्या.

“अहो आई, तुम्ही कशाला? मी बसते ना.”

सरजाबाई आणखी आत सरकल्या. पाठ वाकवावी लागली, तरी फळी डोक्याला टेकलीच. गुडघे पोटाशी घेऊन त्या बसल्या. मित्राला शिकवलं होतं तसा त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरला. डोळे मिटून घेतले.

“आता हलव.”

“आई, राहू द्या.”

“हलव म्हनलं ना. उद्या तू नसनार.”

लुंबिनीनं टेबलाच्या दोन्ही कडा पकडल्या. मित्रानंही येऊन आईच्या हाताशेजारी आपले हात लावले.

“जोरात हलव,” खालून सरजाबाई म्हणाल्या.

“हलवतेय, आई,” लुंबिनी म्हणाली, आणि सगळं बळ लावून तिनं टेबल जागच्या जागी धरून ठेवलं.