गर्दीचा माईक

"हात बघ कसे वर गेलेत! कॅमेरा तीन, तिथंच राहा," थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनमध्ये दिग्दर्शक निमकरसर ओरडले. ‘झाडं वाचवा’ कॉन्सर्ट राज्यभर टीव्हीवर लाईव्ह चालली होती. आवाजाची बाजू सांभाळणाऱ्या रेवतीनं पडद्याकडे पाहिलं. स्टेजसमोर गर्दी उसळत होती, पण एकही हात ठेक्यावर हलत नव्हता.

तिनं गर्दीचा माईक फक्त आपल्या हेडफोनवर घेतला. काठ्या हाडांवर बसत होत्या. "आमची आमराई तोडून गाड्या लावल्यात, आणि वर झाडांची गाणी म्हणता?" एक म्हातारी किंचाळली. पुढची काठी बसली आणि तिचा आवाजच बंद पडला.

"सर, नाचत नाहीयेत ते. बाउन्सर फोडून काढतायत गाववाल्यांना!"

"दिसतंय मला. बाहेर ऐकू जात नाही ना? मग नाचच आहे तो."

रेवतीनं गायकाच्या माईकचा आवाज तळाला ओढला आणि गर्दीचा पार वर नेला. निमकरसरांनी शिवी हासडून कॅमेरा गायकाकडे वळवला. पडद्यावर तो डोळे मिटून गात होता आणि घराघरांत काठ्या ऐकू येत होत्या.