हक्काचा श्रोता

माझा भाचा श्रीशैल पुण्यात सॅक्सोफोनवर जॅझ वाजवायचा. मग त्यानं त्यात रॉक मिसळलं. जॅझवाले उठून गेले, रॉकवाले आलेच नाहीत. परवा बेंबळीला आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "आत्या, आता वाजवणं सोडतो. लोक अर्ध्यातच उठून जातात."

"तुझ्या ताईच्या लग्नात पिपाणी वाजवलीस, तव्हाबी वऱ्हाड जेवण टाकून पांगलं होतं. तव्हा कुठं सोडलंस?" मी म्हणाले. "इतक्यात सोडू नको. मी गेल्यावर माझ्या अंत्ययात्रेत वाजव."

"तिथूनबी लोक पळतील, आत्या."

"पळू देत. आपल्या लिंगायतांत मेलेल्याला बसवून नेतात. मी काय अर्ध्यात उठून जाणार न्हाय."