अकरावी तबकडी

“मंग माठ काय उघडा ठेवू?” शकुबाईनं विचारलं आणि माठावरच्या गाण्याच्या तबकडीवर पंजा ठेवून ती ठाण मांडून बसली.

श्रावणनं पिशवीतून स्टीलचं नवं झाकण काढलं. नालवाडीहून केळझरपर्यंत सायकल हाणत आला होता, गुडघे बोलत होते. म्हातारीनं झाकणावर टिचकी मारून पाहिली, तेव्हा कुठं तबकडी सोडली.

“लोकं फेकून राह्यले अन् तू वेचून राह्यला. काऊन रे?”

“पोरीचं लग्न हाये, मावशी. बिदाईले लावाची हाये.”

तबकडी वेस्ट इंडीजची होती. तीस वर्षांमागं सेवाग्राम पाहायला त्रिनिदादचा एक पाहुणा आला होता. जाताना त्यानं अशा अकरा तबकड्या सेलूच्या पुंडलिकराव भोंगेवाल्याच्या हवाली केल्या. त्यातली एक पुंडलिकराव म्हणे फक्त बिदाईला लावायचे. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. पण जाड्या गळ्याचा एक माणूस त्यात शब्द ओढत ओढत असा रडायचा की वरातीतले दारुडेसुद्धा डोळे पुसायचे. लोकांनी नाव ठेवलं, बापाचं गाणं.

शहात्तर साली झडशीहून श्रावणची रुख्मा निघाली ती याच गाण्यावर. पुढं जन्मभर भाकरी थापताना तिच्या तोंडी तेच. तीन वर्षांमागं ती गेली. जाताना मागितलं काय, तर एवढंच: “सपनाच्या बिदाईले बापाचं गाणं लावजा.”

आता सपनाचं लग्न बारा दिवसांवर होतं आणि गाणं सापडत नव्हतं.

पुंडलिकराव मेले तशी त्यांच्या दिवट्या पोरानं, अमरनं, केबलचा धंदा टाकला आणि बापाच्या तबकड्या मागेल त्याला वाटून टाकल्या. कुणी मागितलं असतं तर यानं बापाचं नावही वाटून टाकलं असतं. एक तबकडी श्रावणला मिरचीच्या शेतात पाखरं हाकलताना सापडली. एक घड्याळ होऊन भिंतीवर होती. ही माठावर.

पहिली हिंगणीत मिळाली होती, चक्क पुठ्ठ्याच्या कव्हरासकट. कव्हरावर कानामागं लाल फूल खोचलेली काळी पोरगी, सगळे दात दाखवून हसणारी. श्रावणनं ती सावंगीला नेली. तिथं डॉक्टरकी शिकणाऱ्या योगेंद्रला जुन्या तबकड्यांचं वेड होतं. त्यानं आपल्या मशीनवर लावली. पोरगी खिदळत, टाळ्या पिटत गाऊ लागली.

“काका, हे नाचायचं गाणं आहे. यात रडतंय कोण?” योगेंद्र म्हणाला. “पण चीज दुर्मीळ आहे. अख्ख्या देशात दुसरी नसेल. मला देता?”

“लग्न होऊ दे. मंग सगळ्याच ने.”

केळझरची दहावी निघाली. तीही त्यानं सावंगीत ऐकली. ढोल आणि धिंगाणा.

श्रावणचं डोकं गरगरायला लागलं. ज्याला विचारावं तो सांगे, हो, बाप्याच होता, रडतच होता. आणि तबकडी लावावी तर नुसता नाच. एवढ्या लोकांना एकच स्वप्न पडलं होतं की काय?

तो सेलूला तानबाकडे गेला. तानबा पुंडलिकरावांचा जुना गडी, आता पानठेला चालवायचा. पुंडलिकरावांचं मशीन तेवढं त्यानं जपून ठेवलं होतं.

“त्याच अकरातली होती ना ती?”

“आईची आन, त्यातलीच.”

“तू पाह्यली?”

“मशीनले हात कोण लावू दे? मालक सोता लावत. मी भोंगा झाडावर बांधो अन् डोक्यावर बॅटरी वाहो. हे टक्कल उगीच नाई पडलं. खेड्यात लाईन कुठी होती तवा? अन् बिदाईपर्यंत बॅटरीचाही जीव जाये अन् नवरीच्या मायचाही. मी आपला पंगतीत.”

“मंग अकरावीच ती.”

“झडशीच्या रूपरावनं एक नेली होती, पाहून ये.”

रूपरावनं गोठ्यात नेलं. खिडकीच्या फटीत अर्धी तबकडी ठोकलेली होती, मधोमध खिळा.

“बाकीची अर्धी?”

“बैलानं तुडवली. काऊन, लय महागाची होती का?”

 झडशीच्या वेशीबाहेर श्रावणनं सायकल आडवी टाकली आणि बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. रुख्मानं उभ्या जन्मात एक गोष्ट मागितली होती.

लग्नाच्या दिवशी तानबा हौसेनं मशीन घेऊन आला.

“बाबा, राहू द्या ना,” सपना म्हणाली. “आईले समजते. जे हाये ते वाजवा.”

दहा वाजता लाईन गेली. लग्नसराईत लाईन तोडणाऱ्या साहेबांच्या पोरींची लग्नं बहुधा दुसऱ्या मुलखात लागत असावीत. तानबानं ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. पोरांना हसणाऱ्या पोरीचं गाणं आवडलं. दिवसभर तेच. नाचून नाचून मांडवात धूळ उडाली.

उन्हं कलली. सपना गळ्यात पडली आणि भोंग्यावर तेच खिदळणं पुन्हा सुरू झालं. श्रावणच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तानबा, बंद कर ते! पोरगी निघाली माही!”

तानबानं ऐकलं नाही. मांडवातला नाच मात्र आपोआप थांबला. भोंग्यातून एक जाड्या गळ्याचा माणूस शब्द ओढत ओढत रडू लागला.

“बापाचं गाणं,” झडशीची एक म्हातारी पुटपुटली आणि पदर तोंडात कोंबून खाली बसली.

श्रावण सपनाला तशीच सोडून मशीनकडे धावला. “कुठी भेटली? कोणाकडं होती, तानबा?”

तानबा तोंड वासून उभा होता. “मी कायीच नाई बदललं.”

बॅटरीच्या उरल्यासुरल्या जिवावर तबकडी पेंगत पेंगत फिरत होती, तानबाच्या हातातल्या कव्हरावर लाल फुलाची पोरगी सगळे दात दाखवून हसत होती आणि भोंग्यातून बाप रडत होता.