खंडेनवमीला कोरडा टर्बो

खंडेनवमी होती, म्हणून गॅरेजातले सगळे पाने पाटावर मांडलेले. धुतलेले, पुसलेले, हळदीकुंकू लावलेले. रागिणीला त्यातला फक्त एक हवा होता, चौदा नंबरचा, दहा मिनिटांसाठी.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," भुजंग म्हणाला.

रागिणीच्या हातात तेलाची नळी होती. हिंगोलीच्या लेथवाल्याने एक दिवस उशीर केला म्हणून रागिणी ती आज सकाळच्या बसने घेऊन आली. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, दांड्याला तेल पोचवणारी नळी. ती बसल्याशिवाय इंजिन सुरू केलं तर टर्बो कोरडा फिरणार आणि जागीच अडकून फुटणार. हे तिने बापाला तीनदा सांगितलं. भुजंग सेनगावातला तीस वर्षं जुना मिस्त्री. ट्रॅक्टर आणि जीप उघडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण टर्बो त्याने जन्मात उघडला नव्हता. वर्षाचा सण आहे, हत्यारं आज देव आहेत, एवढंच त्याचं चाललेलं. शेवटी तो म्हणाला, बरं बाई, सुरू करत न्हाई, नुसतं नारळ फोडू.

गाडी अंगणात उभी होती. दोन दारांची, दोन सीटांची जुनी विलायती स्पोर्ट गाडी. जवळा बाजारच्या एका जिनिंगवाल्याच्या शेडमध्ये तिच्यात कोंबड्या बसायच्या. रागिणीने दोन वर्षं वहीत आखणी केली, कमी पैशात टर्बो कसा बसवायचा याची. टर्बो उलटलेल्या पिकअपचा, भंगारातून. हवा गार करायची जाळी दुसऱ्याच कुठल्या गाडीची. पाईप हळदीचे बॉयलर बनवणाऱ्या वेल्डरकडून वाकवून घेतलेले. जुन्या इंजिनाला हवेचा दाब सोसावा म्हणून हेडखाली तांब्याची जाड गॅस्केट, तिनेच कापलेली. भुजंगने या दोन वर्षांत काय केलं, तर येता-जाता विचारलं, हे काय करून राहिली तू.

आणि आज पुण्याहून विजयकुमार आले होते. जुन्या गाड्या नव्याने बांधायचं त्यांचं मोठं गॅरेज. रागिणीने गॅरेजच्या नावाने फोनवर पाठवलेले फोटो बघून ते म्हणाले होते, इंजिन चालताना ऐकतो, पसंत पडलं तर बांधणाऱ्याला दिवाळीनंतर कामावर घेतो. राहायची सोयसुद्धा करणार होते. रागिणी त्या दिवसापासून नीट झोपली नव्हती.

विजयकुमार आल्या आल्या विचारते झाले, बांधलं कोणी? भुजंगने टोपी सारखी केली आणि म्हणाला, मीच. जमलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी माना डोलावल्या. भुजंग मिस्त्री म्हणजे काय, दुसरं कोण बांधणार. विजयकुमारांनी कॉम्प्रेशन किती ठेवलं म्हणून विचारलं तर भुजंग म्हणतो, ठेवलंय बराबर. रागिणीच्या अंगाची लाही लाही झाली. पण सणाचा दिवस, दारात पाहुणा, आणि बाप. ती हातातली नळी फडक्याने पुसत राहिली.

"पाव्हण्यायला चहा टाक," भुजंग तिला म्हणाला.

ती आत गेली. हीच तिची चूक, दुसरी नाही.

दूध वर यायला लागलं होतं तेव्हा तिला स्टार्टरचा आवाज ऐकू आला. चाकाखाली लिंबं ठेवली म्हणजे ती चिरडायला नकोत का, असं कोणीतरी म्हणालं असणार. मुहूर्त टळून राहिला, एक मिनिटाने काय होतंय. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. तिने बांधलेलं इंजिन, आणि तिने ते स्वयंपाकघरातून ऐकलं. चार सेकंद तर इतकं गोड चाललं की तिला रडू फुटलं. मग भुजंगने पाहुण्यांसमोर ऐटीत रेस दिली, पुन्हा दिली. बारीक शिट्टीसारखा आवाज चढत गेला, कर्कश झाला आणि तुटला. त्याच्यामागून इंजिनात खडखडाट, जसं कोणी जात्यात खिळे टाकावेत. मग काहीच नाही.

ती बाहेर आली तेव्हा अंगणभर निळा धूर होता. तिने कोणाकडे बघितलं नाही. पाटावरचा पाना उचलला. आजी भिकाबाई ओरडली, आजच्या दिवशी हात लावू नको गं. रागिणीने ऐकून घेतलं आणि पाईप खोलला. आत टर्बोच्या पंख्याचे तुकडे होते, उरलेले इंजिनाने गिळले होते. म्हणजे टर्बो गेला आणि इंजिनही गेलं. दोन वर्षं तिच्या तळहातावर मावत होती.

विजयकुमार जवळ येऊन वाकून बघायला लागले. भुजंग घाम पुसत पुढे झाला. तो इतक्या घाईने बोलला की विचारायची कोणाला गरजच पडली नाही.

"मी न्हाई बांधलं साहेब. हिनं बांधलंय. पोरीच्या हातचं काम, काय सांगावं."

लगेच सगळ्यांना आठवलं. व्हय व्हय, तीच तर दिवसभर त्या गाडीत घुसलेली असायची. कोणी म्हणालं, पोरीला काहून करू द्यायचं असलं काम. सगळ्या अंगणाची नजर तिच्यावर आली आणि भुजंग दोन पावलं मागे सरून गर्दीत उभा राहिला.

रागिणीने तुकडे मुठीत आवळले. धारेने बोट कापलं, तरी मूठ सोडली नाही. ती पाहुण्याशी बोलली नाही, बापाशीच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"व्हय, मीच बांधलं. मघाशी साहेबायनं इचारलं तवा बी मीच बांधलं व्हतं, अण्णा."