अकरा खुर्च्या

तुळसाने सातवी खुर्चीही उलटी केली, बुडाचे स्क्रू अंगठ्याने चाचपले आणि ती बाजूला सरकवली.

“हिचा एक स्क्रू वर आलाय. फ्रॉक फाटंल, नायतर मांडी.”

चारुदत्त शेठनी आठवी पुढे केली. हातखंब्याच्या नाक्याजवळ त्यांचं लहान मुलांच्या फर्निचरचं होलसेल गोडाऊन होतं, बावीस वर्षांचं. शाळावाले येत, भाव विचारत, थोडी घासाघीस करत आणि चहा पिऊन ऑर्डर देऊन जात. माल उलटा करून बघणारं गिऱ्हाईक त्यांना आठवत नव्हतं. त्यात ही बाई सकाळी आठला, शटर अर्धंच वर गेलेलं असताना आत शिरलेली. बाहेर टेम्पोत तिचा दीर रघू घोरत होता.

बाई मंडणगडाकडच्या खैरकोंडाची, शाळेच्या समितीची अध्यक्ष. पट अकराचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला होता, की मुलांना बसायला साधी खुर्ची नाही, ही कसली शाळा. मागोमाग, मुलांना डोंगरापलीकडच्या शाळेत घालायचा कागद निघाला. मधे पऱ्या आहे, पावसाळी ओढा. तो भरला की मोठी माणसंसुद्धा अलीकडेच थांबतात. गावच्या मुंबईतल्या मंडळाने गणपतीतल्या जाखडीच्या कपड्यांसाठी पैसे जमवले होते, ते यंदा खुर्च्यांना दिले होते. नाचणारे जुन्याच कपड्यांत नाचणार होते. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, पण त्यात रडगाणं नव्हतं.

“खेड, चिपळूण सोडून इतक्या लांब आलात?” शेठनी विचारलं.

“इथनंच घ्यायचं ठरलं.”

शेठना गुदगुल्या झाल्या. आपलं नाव थेट मंडणगडापर्यंत पोचलंय म्हणायचं. त्यांनी उत्साहाने लोखंडी बाकं दाखवली. शाळांना ते नेहमी हीच गळ्यात मारत. जड असतात, कोणी उचलून नेत नाही, असं त्यांनी समजावलं.

“उचलता आली पायजेत. पहिलीतल्या पोराला आपली खुर्ची आपण उचलता आली पायजे.”

मग भुशाच्या फळीच्या खुर्च्या निघाल्या, वर गुळगुळीत रंगीत कागद चिकटवलेल्या. तिने कडेला नख रोवलं. पाण्यात हे फुगतं, म्हणाली. वर्गात कुठलं आलंय पाणी, कौलं गळतात का, असं शेठनी विचारलं. तिने पिशवीतून बांबूची एक कांब काढली. कांबीवर कोयत्याने अकरा खुणा केल्या होत्या, एकेका मुलाच्या गुडघ्याची उंची. कांब खुर्चीशेजारी उभी धरून ती माप बघू लागली.

“एवढं करण्यापेक्षा मुलंच आणायची होतीत,” शेठ चेष्टेने म्हणाले.

“न्याहारी करत असतील आता,” ती म्हणाली आणि पदराचं टोक ओलं करून तिने एका लाल खुर्चीची पाठ घासली. पदर लाल झाला.

आता मात्र शेठचं डोकं फिरलं. लहान मुलांचा माल आहे, वर्षभरात मोडणारच, त्यात इतकं काय बघायचं, असं ते जरा आवाज चढवूनच बोलले.

तुळसा उठून उभी राहिली. तिचा आवाज मात्र चढला नाही.

“अकराच पोरं हायत, त्यांना कायपण चालंल, असं साहेबांना वाटलं. तुमाला पण तसंच वाटतं काय, शेठ?”

शेठना ते लागलं. फार लागलं. ते शिडी लावून माळ्यावर चढले. एका मोठ्या शाळेने शेवटच्या क्षणी नाकारलेल्या शिवणीच्या लाकडाच्या खुर्च्या तिथे पडून होत्या. हलक्या, कोपरे गोलसर, पायांना रबरी टोप्या. तुळसाने त्या उन्हात नेऊन बघितल्या, खडीवर ठेवून बघितल्या, मग एकीवर स्वतः बसून गदागदा हलली. खुर्ची कुरकुरली नाही. ती पहिल्यांदा हसली.

शेठही खुलले. चोरीला जाऊ नयेत म्हणून बुडाखाली शाळेचं नाव रंगवून देतो, फुकट, असं त्यांनी सांगितलं.

“बुडाखाली नको. पाठीवर घाला, बाहेरच्या अंगानं. तळहाताएवढी अक्षरं.”

“फळ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलांच्या पाठीवरचं वाचणार कोण?”

“वाचतील.”

शेठनी स्वतः ब्रश हातात घेतला. रंग नीट सुकायला संध्याकाळ होईल, म्हणाले. तेवढा वेळ नव्हता. साहेब अकराला येतात, त्याच्या आत पोरं खुर्च्यांवर बसलेली दिसली पाहिजेत, असं तिचं म्हणणं. साडेदहाला निघायचंच. फेरतपासणी उद्या असणार, शेठनी हिशोब केला. खोदलेल्या हायवेवरून मंडणगड गाठायचं तर बाईची घाई बरोबरच होती. त्यांनी पटकन सुकणारा रंग काढला आणि अकराही पाठींवर मोठ्या मायेने ‘शाळा खैरकोंड’ लिहिलं.

साडेदहाला टेम्पो भरला. ओली अक्षरं वर राहतील अशा खुर्च्या रचल्या. रघूला शेठनी वाट सांगितली, नाक्यावरून सरळ, मुंबईच्या अंगाला. मग कंबरेवर हात ठेवून ते दारात उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी धंदा करून त्यांना बरं वाटत होतं.

टेम्पो नाक्यावर गेला आणि डावीकडे, रत्नागिरीच्या रस्त्याला वळून थांबला. शेठ धावले. टेम्पोच्या खिडकीशी पोचून त्यांनी धापा टाकत सांगितलं, की वाट चुकली, हा रस्ता शहरात जातो. तेवढ्यात समोरच्या भजीपावाच्या टपरीवरून हात पुसत, गणवेशातली मुलं एकेक करून उभ्या जीपमध्ये चढू लागली. शेठनी नकळत मोजली. अकरा होती.

तुळसा खिडकीतून वाकली. “वाट बरोबर हाय, शेठ. शाळेला टाळं मागल्या सोमवारीच लागलं. चावी ज्या साहेबांच्या टेबलात हाय, त्यांच्या दारात आजपास्नं शाळा भरंल.”