पंडितबाईंच्या तीन भाषा

"या तीन प्रोग्रामिंग भाषांपैकी आपल्याकडे कुठली वापरतात?" अर्ज वाचता वाचता प्रमुखांनी विचारलं.

"एकही नाही," समोरची प्रोग्रामर म्हणाली.

"मग कंपनीनं तुम्हाला त्या शिकायला वेळ कशाला द्यायचा?"

"तिन्हींत विचार करायची रीत वेगळी आहे, सर. पहिलीत एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत पुढे बदलताच येत नाही. दुसरीत सगळी कामं एकमेकांना निरोप धाडत चालतात. तिसरीत आपण फक्त नियम सांगायचे, उत्तर ती शोधते."

"पंडितबाई!" ऑफिसात तिचं हेच नाव पडलं होतं. "हॉस्पिटलची माणसं बाहेर येऊन बसलीत. त्यांच्या नर्सचं ड्यूटीपत्रक तीन आठवडे माझ्याच्यानं जुळत नाहीये. आणि तुम्हाला रीती सुचतायत!"

"तिसरी मी घरी थोडी शिकलेय. पाच मिनिटं द्या."

प्रमुखांच्या कपाळाची शीर उठली. पण दुसरं होतं काय हातात? त्यांनी हॉस्पिटलच्या दोघांना आत बोलावलं.

हॉस्पिटलचे व्यवस्थापक खुर्चीच्या टोकावर टेकले. नर्सांच्या प्रमुख मेट्रनबाई उभ्याच राहिल्या. पंडितबाई एकेक नियम विचारत टाइप करत गेल्या. प्रत्येक वॉर्डात दर पाळीला दोघी. रात्रपाळीनंतर लगेच सकाळपाळी नाही. अतिदक्षतेत एक तरी अनुभवी. आठवड्याला एक सुट्टी.

बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही. मग पडद्यावर एकच शब्द आला: फॉल्स. म्हणजे, जमत नाही.

"चुकलं काहीतरी," प्रमुख म्हणाले.

पंडितबाईंनी प्रत्येक ओळ तपासली. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

"चुकलं नाही, सर. तिनं सगळ्या शक्यता पाहिल्या. एवढ्या नर्समध्ये हे नियम पाळताच येत नाहीत. कुणालाच आले नसते."

प्रमुख खुर्चीत मागे रेलले. तीन आठवडे ते स्वतःलाच बिनडोक समजत होते. "पहिल्या दोन्हीही शिकून घ्या," ते पुटपुटले.

"मी वर्षभर कंठशोष करतेय, माणसं कमी आहेत म्हणून," मेट्रनबाई म्हणाल्या. "तर यांचं म्हणणं, बाई, तुम्हाला नियोजन जमत नाही."

व्यवस्थापकांनी मान वर केली नाही. "एखादा नियम काढून पाहा ना."

"कुठला?" पंडितबाईंनी विचारलं.

ते पडद्यावरचे नियम वरून खाली वाचत गेले.

पंडितबाईंनी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच काढा."

मेट्रनबाईंनी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि त्या व्यवस्थापकांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.