पिवळं फडकं

कुठलं एन्झाइम चयापचयाच्या कुठल्या मार्गात मोडतं, ते पुरावा बघून माहितीकोशात नोंदवायचं, ही तिची नोकरी. आज तिच्या जुन्या सरांचंच एन्झाइम पुढ्यात आलं. सरांना ते पिवळा रंग घडवणाऱ्या मार्गात हवं होतं. त्यांच्या छापील लेखात मात्र ते पेशीतला कचरा फोडतं, एवढाच पुरावा होता. “अगं, रंग घडवतंच ते! पेटंट अडलंय माझं,” सर फोनवर काकुळतीला आले. “छापलेला पुरावा द्या.” “तूच केला होतास तो प्रयोग! अख्खा ॲप्रन पिवळा झाला होता तुझा!” तिचं नाव द्यावं लागू नये, म्हणून सरांनी तो प्रयोगच लेखातून उडवला होता. त्याच ॲप्रनच्या पिवळ्या फडक्याने स्क्रीन लख्ख पुसून तिने एन्झाइम कचऱ्यात नोंदवलं. “मी रडले, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, सर: छापलं नाही ते घडलंच नाही.”